'टोळीवाले' की बंडकरी? नालिबोकीचे अरण्य आणि भंडारदऱ्याचा डोंगर

१/
२००८ साली प्रदर्शित झालेला 'डिफायन्स' हा युद्धपट इतिहासप्रेमींच्या चांगल्या परिचयाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात जंगलाच्या आश्रयाने नाझींशी झुंजणाऱ्या बिएल्स्की या ज्यू बंधूंची ही कथा. जर्मन लष्कराच्या कागदपत्रांत अशा लढवय्यांसाठी ठरलेला शब्द होता: 'टोळीवाले'. सुमारे शंभर वर्षे आधी, आजच्या भंडारदरा परिसरातील देवगावच्या एका माणसाला इंग्रजी दप्तरात अशाच अर्थाचे नाव मिळाले होते. तो माणूस म्हणजे राघोजी भांगरे. राज्यकर्त्यांचा हा शब्द कसा घडतो आणि इतिहासात किती काळ टिकतो, याचा हा धागा.

२/
प्रारंभीच एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. या दोन घटना समान नाहीत. नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. एक संपूर्ण समाज पृथ्वीवरून नाहीसा करणे हेच त्या राजवटीचे धोरण होते. सह्याद्रीत इंग्रजांचा हेतू महसूल आणि हुकमत हा होता. नरसंहार आणि वसाहतवादी शोषण यांना एकाच तागडीत तोलणे अनैतिहासिक ठरेल. तुलना आहे ती तीन प्रश्नांपुरती: डोंगर-जंगलातला बंडकरी जगतो कशावर, सत्ता त्याला काय म्हणते आणि त्याची कथा अखेर कोण लिहितो?

३/
प्रथम नालिबोकीकडे. नोवोग्रुदेक हे शहर आज बेलारूसमध्ये आहे. १९३९ पर्यंत ते पोलंडच्या पूर्व भागात होते. सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा तेथे आल्या, जून १९४१ नंतर जर्मन. शहराची सुमारे निम्मी वस्ती ज्यू होती. ८ डिसेंबर १९४१ रोजी तेथे सुमारे ४ हजार ज्यूंची सामूहिक हत्या झाली. उरलेल्यांना कुंपणबंद वस्तीत, म्हणजे घेट्टोत, कोंडण्यात आले.

४/
शहराजवळच्या स्तान्केविची या खेड्यात बिएल्स्की कुटुंब राहत असे. त्यांची स्वतःची पिठाची गिरणी होती. शेतकऱ्यांशी रोजचा व्यवहार असल्याने रानवाटा, पाणवठे आणि माणसे यांची त्यांना पारख होती. त्या डिसेंबरमध्ये आई-वडील आणि दोन भाऊ मारले गेले. तुविया, असाएल, झुस आणि धाकटा आरोन हे चौघे मात्र जंगलात निसटले. थोरला तुविया पोलिश सैन्यात नोकरी करून आलेला होता. १९४२ च्या वसंतात नातलग आणि मित्र मिळून एक लहानसा जथा उभा राहिला.

५/
येथे तुवियाने घेतलेला निर्णय या कथेचा कणा आहे. जंगलातील इतर सशस्त्र तुकड्या केवळ बंदूक चालवू शकणारे तरुण घेत. म्हातारी माणसे, लहान मुले, आजारी स्त्रिया म्हणजे ओझे, असा लष्करी हिशेब होता. तुवियाने दार सर्वांना उघडे ठेवले. घेट्टोत माणसे पाठवून तेथल्यांना पळून येण्याचे निरोप धाडले. जर्मन सैनिक मारण्यापेक्षा एखादी वृद्ध ज्यू स्त्री वाचवणे अधिक मोलाचे, अशी त्याची धारणा असल्याचे सहकाऱ्यांनी पुढे नोंदवले आहे.

६/
१९४३ मध्ये हा जथा नालिबोकीच्या दलदलीच्या अरण्यात स्थिरावला आणि तेथे अक्षरशः एक गाव वसले. जमिनीत खोदलेली, फांद्या-मातीने झाकलेली घरे, पिठाची चक्की, बेकरी, न्हाणीघर, दवाखाना, विषमज्वराच्या रुग्णांसाठी वेगळी झोपडी, प्रार्थनास्थळ, सुमारे ६० मुलांची शाळा. शिंपी, चांभार, सुतार, लोहार, बंदुका दुरुस्त करणारे कारागीर राबत. सोव्हिएत गनिमी तुकड्या आपली हत्यारे आणि बूट येथे दुरुस्त करून घेत आणि मोबदल्यात धान्य व दारूगोळा देत. ज्यांना 'ओझे' म्हटले गेले, त्यांच्याच हातांनी ही वसाहत सोव्हिएत सेनापतींना उपयुक्त वाटू लागली.

७/
पण हजारभर माणसे जंगलात काय खाणार? उत्तर अप्रिय आहे: आसपासच्या शेतकऱ्यांचे धान्य. काही शेतकरी आपखुशीने देत, काहींकडून बंदुकीच्या धाकाने घेतले जाई. तोच शेतकरी दिवसा जर्मनांना धान्य देई आणि रात्री जंगलातल्या तुकड्यांना. कोणाला काही दिले हे उघड झाले, तर घर जाळले जाण्याची भीती दोन्हीकडून होती. खबऱ्यांना आणि जर्मनांच्या हस्तकांना बिएल्स्की जथ्याने ठारही मारले. ज्या प्रतिकाराचा आज गौरव होतो, त्याचा रोजचा खर्च अशा कुटुंबांनी सोसलेला असतो.

८/
१९४३ च्या उन्हाळ्यात जर्मनांनी या अरण्याभोवती प्रचंड वेढा घातला. सैनिक, एसएस आणि पोलीस मिळून वीस हजारांहून अधिक माणसे त्यात होती. तुवियाला पकडून देणाऱ्यास एक लाख राइखमार्कचे इनाम जाहीर झाले. जथा दलदलीत, छातीभर पाण्यातून एका बेटासारख्या उंचवट्यावर जाऊन लपला. मोहिमेत अरण्याभोवतीची अनेक खेडी जाळण्यात आली आणि धडधाकट माणसे वेठीच्या कामासाठी पळवून नेण्यात आली. बंडकरी हाती लागत नाही, तेव्हा सत्ता गावावर हात टाकते.

९/
आता त्या शब्दाकडे. १९४२ च्या उन्हाळ्यात एसएसचा प्रमुख हाइनरिख हिमलर याने आदेश काढला की 'पार्टिझान' हा शब्द यापुढे वापरायचा नाही; त्याऐवजी 'टोळीवाले', 'डाकू' असेच लिहायचे. कारण उघड आहे. 'पार्टिझान' म्हटले की समोर लढणारा एक पक्ष असल्याचे मान्य होते. 'डाकू' म्हटले की उरतो केवळ बंदोबस्ताचा प्रश्न. जानेवारी १९४४ मध्ये तर 'टोळीविरोधी लढ्याचे' स्वतंत्र पदकही सुरू झाले. त्या नावाखाली झालेल्या मोहिमांत मारली गेलेली असंख्य माणसे निःशस्त्र खेडूत होती.

१०/
जुलै १९४४ मध्ये लाल सेना आली, तेव्हा नालिबोकीतून १,२०० हून अधिक माणसे जिवंत बाहेर पडली. त्यांतील सुमारे ७० टक्के स्त्रिया, वृद्ध आणि मुले होती. ज्यूंनी मुकाट्याने मरण पत्करले, हा समज खोडून काढणाऱ्या घटनांत वॉर्सा घेट्टोच्या १९४३ च्या उठावाबरोबर या जथ्याचे नाव घेतले जाते. असाएल पुढे लाल सेनेत भरती झाला आणि १९४५ मध्ये लढाईत पडला. तुविया न्यूयॉर्कमध्ये वाहनचालकाचे काम करीत फारसा कोणाला माहीत नसलेला जगला आणि १९८७ मध्ये वारला.

११/
ही कथा जगासमोर प्रामुख्याने आली ती नेखामा टेक यांच्या १९९३ मधील ग्रंथामुळे. टेक या स्वतः पोलंडमधील संहारातून बालपणी वाचलेल्या समाजशास्त्रज्ञ. त्याच ग्रंथावर एडवर्ड झ्विक यांनी 'डिफायन्स' बेतला. डॅनियल क्रेग तुविया झाला, लिएव श्रायबर झुस, जेमी बेल असाएल. चित्रपट भावनेला प्रामाणिक आहे. परंतु शेवटाकडे रणगाड्यासह येणाऱ्या जर्मन तुकडीशी होणारी समोरासमोरची लढाई ही पटकथेची निर्मिती आहे. या जथ्याने रेल्वेमार्ग आणि पूल उडवण्यात भाग घेतला, हे खरे. पण त्याचा खरा पराक्रम होता लढाई टाळून माणसे वाचवण्याचा. पडद्यावर बेकरी आणि चांभाराच्या दुकानापेक्षा रणगाडा अधिक खपतो.

१२/
चित्रपट पोलंडमध्ये वादग्रस्तही ठरला. ८ मे १९४३ रोजी सोव्हिएत गनिमांनी नालिबोकी या गावावर हल्ला करून शंभराहून अधिक पोलिश रहिवाशांना ठार केले. त्यात बिएल्स्की जथ्यातील माणसे होती, असा आरोप झाला. जथा त्या काळात त्या भागात पोहोचलाच नव्हता, असे वाचलेल्यांचे आणि अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे. येथे महत्त्वाचे हे की, नायकत्व मान्य करूनही असे प्रश्न विचारले जातात आणि विचारले गेलेच पाहिजेत. इतिहास आणि पोवाडा यांत हाच भेद आहे.

१३/
आता सह्याद्री. भंडारदऱ्याच्या भोवती नजर फिरवली की बंडाला अनुकूल भूगोल म्हणजे काय ते कळते. उत्तरेस १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, पश्चिमेच्या अंगाला अलंग-मदन-कुलंग, प्रवरेच्या उगमाशी रतनगड, दक्षिणेस हरिश्चंद्रगड. घाटघरचा कडा थेट कोकणात कोसळतो. पावसाळ्यात चार महिने धुके आणि पाणी. त्यात भर म्हणजे नगर, नाशिक, ठाणे आणि पुणे या जिल्ह्यांच्या सीमा याच डोंगरात जवळजवळ येतात. एका कलेक्टरचे शिपाई घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत माणूस घाटवाटेने दुसऱ्याच्या हद्दीत उतरलेला असे.

१४/
या डोंगराचे जाणकार होते महादेव कोळी. मराठेशाहीत त्यांचे नाईक किल्ल्यांची शिबंदी सांभाळत, घाटवाटांची राखण करीत, डोंगरी मुलखातल्या चोऱ्यांचा बंदोबस्त पाहत. मोबदल्यात त्यांना जमिनी, रोख नेमणुका आणि गावांकडून परंपरेने मिळणारे हक्क होते. डोंगरातील माणूस आणि राज्य यांच्यातील हा एक करार होता. तो करार लिखित असो वा नसो, दोन्ही बाजूंना मान्य होता.

१५/
१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हा करार एकतर्फी मोडला. नव्या सरकारला डोंगरी किल्ले नको होते. अनेक गडांच्या पायऱ्या आणि वाटा सुरुंगांनी उडवण्यात आल्या. गड गेला तशी शिबंदीची भाकरी गेली. नाईकांच्या नेमणुका आणि हक्क कापले गेले. इंग्रजी हिशेबात ही खर्चाची काटछाट होती. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राखणदारीचा मान होता, त्याच्या दृष्टीने ती पदच्युती होती. कालचा रखवालदार असा आजचा संशयित झाला.

१६/
पहिला भडका १८२८ ते १८३० दरम्यान उडाला. राघोजींचे वडील रामजी भांगरे इंग्रजांच्या नोकरीत होते; ती सोडून ते बंडात उतरले. रामा किरवा हा त्यांचा निधडा साथीदार. अकोले, जुन्नर आणि कोकणपट्टीतील डोंगर पेटले. हे बंड मोडण्यासाठी सरकारला घाटाच्या वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंनी तुकड्या लावाव्या लागल्या. रामा किरवा अखेर पकडला गेला आणि त्याला फाशी देण्यात आले.

१७/
हे बंड मोडणाऱ्या अधिकाऱ्यांत कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश अग्रभागी होता. त्याच मॅकिंटॉशने नंतर महादेव कोळ्यांचा विस्तृत वृत्तांत लिहिला. त्यात त्यांच्या कुळी, देवदैवते, लग्नविधी, शेती, बंडाचा तपशील असे सर्व काही आहे. आजही या समाजाच्या १९व्या शतकातील इतिहासाकडे वळणारा अभ्यासक प्रथम त्याच पानांवर पोहोचतो. ती पाने बहुमोल आहेत. मात्र ती पाठलाग करणाऱ्याने लिहिली आहेत, हे क्षणभरही विसरता येत नाही. नालिबोकीचा इतिहास केवळ एसएसच्या अहवालांवरून लिहावा लागला असता तर तो कसा दिसला असता, अशी कल्पना करून पाहावी.

१८/
दरम्यान डोंगरात दुसरी पकड आवळत होती: कर्ज. नव्या व्यवस्थेत शेतसारा ठरल्या मुदतीत, रोख रकमेत भरावा लागे. नाचणी-वरई पिकवणाऱ्याच्या हाती रोकड कोठून असणार? तो सावकाराकडे जाई. पूर्वी सावकाराला वसुलीसाठी गावाचा कल सांभाळावा लागे. आता त्याच्या पाठीशी दिवाणी न्यायालय, कर्जखत आणि जप्तीचा हुकूम होता. अंगठा उठवणाऱ्याला कागदावर काय लिहिले आहे ते कळत नसे. जमीन नावावरून उतरली, हे अनेकांना बेलिफ दारात आल्यावरच समजे.

१९/
१८०५ च्या सुमारास जन्मलेले राघोजी याच काळात प्रौढ झाले. १८४४ मध्ये राघोजी आणि बापू भांगरे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या वायव्येकडील डोंगरांपासून नगर-ठाण्याच्या घाटमाथ्यापर्यंत बंड पसरले. पाठलागावर आलेल्या पोलीस तुकडीवर राघोजींच्या माणसांनी झडप घातली. त्यात एक एतद्देशीय अंमलदार आणि दहा शिपाई ठार झाले. त्यानंतर ही बाब स्थानिक बंदोबस्ताची राहिली नाही. १८४५ मध्ये बापू भांगरे पकडले गेले. राघोजी मात्र आणखी जवळजवळ अडीच वर्षे हाती लागले नाहीत.

२०/
या बंडाचा रोख सरकारबरोबर सावकारांवरही होता. बंडकरी सावकारांची घरे लुटत आणि कित्येकांची नाके कापत. धास्तावलेले वाणी गावे सोडून पळाले. राघोजींचा ठावठिकाणा काढण्यासाठी त्यांच्या आईचा छळ करण्यात आला आणि त्यानंतर सूडाची धार वाढली, अशी नोंद सरकारी गॅझेटियरमध्येच आहे. छळाची नोंद झाली म्हणून नाके कापणे न्याय्य ठरत नाही. आणि नाके कापली म्हणून आईच्या छळाची नोंद गाळता येत नाही. दोन्ही वाक्ये एकाच परिच्छेदात वाचण्याची तयारी इतिहासाच्या विद्यार्थ्यापाशी हवी.

२१/
चार वर्षे एक माणूस डोंगरात कसा टिकतो? तलवारीच्या बळावर नव्हे. रात्री कोणीतरी भाकरी बांधून देते, गुराखी पोर शिपाई आल्याची वर्दी देते, गावचा पाटील चौकशीत 'ठाऊक नाही' असे सांगतो. कुणब्याला लुटायचे नाही आणि स्त्रीच्या वाटेला जायचे नाही, असा राघोजींचा दंडक लोकस्मृतीत सांगितला जातो. तो शब्दशः खरा असो वा नसो, त्यामागचे शहाणपण खरे आहे: गाव उलटले तर डोंगरही आसरा देत नाही. नालिबोकीत आणि सह्याद्रीत हा नियम सारखाच लागू होता.

२२/
अखेर डोंगर सोडून राघोजी पंढरपुरास गेले. बैराग्याच्या वेषातील एक माणूस वारकऱ्यांच्या गर्दीत कोणाच्या डोळ्यांत भरणार नव्हता. तरीही २ जानेवारी १८४८ रोजी लेफ्टनंट गेल याने त्यांना तेथे पकडले. ठाण्यास आणून खटला चालवण्यात आला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली. १८५७ च्या उठावास तेव्हा अजून नऊ वर्षे अवकाश होता.

२३/
लोकपरंपरा सांगते की राघोजींनी अखेरची एक मागणी केली होती: फासावर लटकवू नका; तलवारीने वा गोळीने मारा. या मागणीचा अर्थ समजून घेण्याजोगा आहे. त्यात प्राणांची याचना नाही. फास हा चोर-दरोडेखोराचा मृत्यू. शस्त्राने येणारा मृत्यू शत्रूचा, योद्ध्याचा. राघोजी मागत होते ते एक नाव. सरकारने ते दिले नाही. देणे शक्यही नव्हते, कारण ते दिले असते तर डोंगरात युद्ध चालू होते हे मान्य करावे लागले असते. हिमलरच्या आदेशामागचे तर्कशास्त्र यापेक्षा फार वेगळे नव्हते.

२४/
चित्र एकरंगी नाही, हे दाखवणारी एक गोष्ट. १८५७ मध्ये सिन्नर-संगमनेरच्या पट्ट्यात भागोजी नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी उठाव केला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोटे येथे पोलीस अधिकारी हेन्री मारला गेला. तेव्हा इंग्रजांनी याच डोंगरांतील महादेव कोळ्यांची 'कोळी कोअर' ही पलटण कॅप्टन नटॉलच्या हाताखाली उभारली आणि बंडवाल्यांचा माग काढण्यास लावली. १८६१ मध्ये ती मोडण्यात आली. ज्यांना दरोडेखोर म्हटले, त्यांच्याच चपळाईवर, वाटांच्या ज्ञानावर आणि हत्यारांच्या सरावावर सरकारने विसंबावे, यातच त्या जुन्या शब्दाचा पोकळपणा उघड होतो.

२५/
फाशीने बंड संपले. कारण संपले नाही. १८७३ ते १८७६ या काळात जांभोरीच्या होनाजी केंगले यांनी, इंग्रजी दप्तरातील 'होन्या'ने, त्याच डोंगरांतून पुन्हा सावकारांना लक्ष्य केले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि 'दख्खनचे दंगे' पुणे-नगर पट्ट्यात पसरले. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक सहाय्यता कायदा केला. राघोजींच्या फाशीनंतर ३१ वर्षांनी शासनाने कायद्याच्या भाषेत कबूल केले की कर्जाची तक्रार खरी होती.

२६/
येथे नालिबोकी आणि भंडारदरा यांच्यातील सर्वांत मोठा फरक दिसतो. तुविया बिएल्स्कीच्या जथ्यातून १,२०० हून अधिक साक्षीदार जिवंत बाहेर आले. त्यांनी आठवणी लिहिल्या, मुलाखती दिल्या, एकमेकांना खोडून काढले. त्यामुळे जर्मन दप्तरातील 'टोळीवाले' हा शब्द टिकला नाही. राघोजींच्या सोबत्यांपैकी कोणाचीही मुलाखत कोणी घेतली नाही. त्यांची स्वतःची बाजू लोकगीतांत, घराण्यांच्या आठवणींत आणि गावोगावच्या सांगोवांगीत विखुरली. छापील पाने मात्र पाठलाग करणाऱ्यांच्या हाती राहिली.

२७/
म्हणून अशी कागदपत्रे वाचताना काही साधे प्रश्न जवळ बाळगावेत. हे कोणी लिहिले आणि कोणाला उद्देशून? 'टोळी', 'दरोडा', 'उपद्रव' या शब्दांच्या जागी दुसरा शब्द ठेवला तर वाक्य कसे बदलते? लूट कोणाची झाली आणि कोणाला हात लावला गेला नाही? गाव गप्प का राहिले: भीतीने की आपुलकीने? आणि तितकाच महत्त्वाचा उलटा प्रश्न: आज गौरवाने लिहिलेल्या चरित्रात कोणत्या अडचणीच्या गोष्टी गाळल्या आहेत? शत्रूचा शब्द जसाच्या तसा उचलणे जितके चुकीचे, तितकेच भक्ताचा शब्दही.

२८/
१९१० ते १९२६ या काळात प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण बांधले गेले आणि रतनगडाच्या पायथ्याची खोरी पाण्याखाली गेली. धरणाला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव मिळाले, जलाशयाला 'आर्थर लेक' म्हणू लागले. त्याच पाण्याला आज आद्यक्रांतिकारक राघोजी भांगरे जलाशय असे नाव आहे. काजव्यांच्या हंगामात आणि पावसाळ्यात तेथे हजारो पर्यटक येतात. त्यांतील इतिहासप्रेमींनी रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापाशी उभे राहून एकदा वर कड्यांकडे पाहावे. इंग्रजी दप्तरात 'दरोडेखोर' ठरलेला माणूस याच वाटांनी शिपायांना चकवत होता. दप्तरातील तो शब्द अजून पुसला गेलेला नाही. नकाशावर मात्र आता त्या माणसाचे नाव आहे.

(धागा समाप्त)